सगळंच डिमेन्शियाच्या खात्यावर टाकू नका

प्रश्न : माझी आई ७८ वर्षांची आहे. तीन वर्षांपूर्वी तिला अल्झायमर असल्याचं निदान झालं. बाबा गेल्यापासून ती माझ्याकडेच आहे. मी ५२ वर्षांची, गेल्या वर्षी नोकरी सोडली. आजवर कसंबसं निभावत होतं. संध्याकाळ झाली की ‘मला घरी सोड’ म्हणून दाराशी उभी राहते. पर्स सापडली नाही की मीच चोरली म्हणते. आंघोळीचं नाव काढलं की मारायला धावते. पण गेल्या आठ दिवसांत सगळंच हाताबाहेर गेलंय. रात्रभर जागी असते, कोपऱ्यात माणसं उभी आहेत म्हणते आणि सकाळी इतकी गुंगीत असते की घास तोंडात तसाच राहतो. अल्झायमरसाठी डोनेपेझिलची गोळी सुरू आहे. कपड्यांत लघवी व्हायला लागली म्हणून पंधरा दिवसांपूर्वी दुसऱ्या एका डॉक्टरांनी त्यासाठी गोळी दिली. झोप लागत नाही म्हणून मी दुकानातून सर्दीची गुंगी येणारी गोळी आणून देतेय. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन केला, तर ‘आजार पुढे सरकतोय’ म्हणाले. परगावी असलेला दादा म्हणतो, फोनवर तर छान बोलते, तू उगाच बाऊ करतेस. मग म्हणतो, झेपत नसेल तर संस्थेत ठेव. शिवाय कुठल्या तरी नव्या इंजेक्शनच्या बातम्या पाठवत असतो. मी आईला शब्द दिलाय की तुला कधीच कुठे ठेवणार नाही. मी काय करू?

(नाव न छापण्याची विनंती)

उत्तर : ताई, तुम्ही विचारलेल्या सगळ्यावर बोलू, पण त्या आठ दिवसांचं आधी. अल्झायमर आठ दिवसांत असा कोसळत नाही. तो महिन्यांनी, वर्षांनी सरकतो, इतका हळू की घरातल्यांना मागे वळून पाहिल्यावरच कळतं. माणूस आठवड्याभरात, कधी एका रात्रीत, वेगळाच दिसू लागला, सकाळी एक आणि दुपारी एक असं वागू लागला, भास होऊ लागले, दिवसाची रात्र झाली, तर तिथे दुसरंच काहीतरी सुरू झालेलं असतं. वैद्यकात त्याला डिलिरियम म्हणतात. डिमेन्शिया, म्हणजे अल्झायमरसारखा स्मृतिभ्रंश, असलेल्यांना तो पटकन होतो आणि बहुतेक वेळा त्यामागे शोधता येईल, बरं करता येईल असं कारण सापडतं. म्हणून आईंना आजच्या आज डॉक्टरांना दाखवा.

कारणं बहुतेकदा साधी असतात. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, चार-पाच दिवस साफ न झालेलं पोट, मूत्राशयात तुंबलेली लघवी, पाणी कमी पडणं, रक्तातलं सोडियम किंवा साखर खाली येणं, कुठेतरी दुखणं. म्हाताऱ्या माणसाला संसर्ग झाला म्हणून ताप येईलच असं नाही. मधल्या काळात आई कधी पडल्या असतील, डोकं आपटलं असेल, तर तेही सांगा. मेंदूभोवती हळूहळू साचणारं रक्त कधी कधी काही आठवड्यांनी लक्षणं दाखवतं. आणि नुसती लघवी तपासून अँटिबायोटिक हातात ठेवलं गेलं, तर ‘बाकी काही पाहिलंत का?’ असं विचारायला संकोचू नका. वयस्कर बायकांच्या लघवीत जंतू अनेकदा काहीही त्रास नसताना सापडतात. मग दोष त्यांच्यावर जातो आणि खरं कारण तसंच राहतं.

तुमचं पत्र वाचून माझा पहिला संशय मात्र गोळ्यांवर गेला. डोनेपेझिल मेंदूतलं अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं रसायन टिकवून धरते. आठवणीच्या कामाला ते लागतं. पण तेच रसायन मूत्राशयाला आकुंचन पावायलाही सांगतं, त्यामुळे ही गोळी घेताना काही जणांना लघवी रोखणं जड जातं. मग लघवीसाठी वेगळी गोळी येते. या गोळ्यांपैकी बऱ्याच, ऑक्सिब्युटिनिन त्यातली जुनी आणि नेहमीची, नेमकं अ‍ॅसिटिलकोलीनचंच काम अडवतात. एक गोळी जे राखायला बघते ते दुसरी हाणून पाडते. वरून सर्दीची गुंगी आणणारी गोळी. क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन ही त्यातली औषधंही त्याच जातीची. तीन गोळ्या, तीन वेगवेगळ्या हातांनी दिलेल्या, आणि तिन्ही एकत्र कोणी पाहिलेल्याच नाहीत. गोंधळ, भास, कोरडं तोंड, बद्धकोष्ठ, लघवी तुंबणं हे सगळं यातून होऊ शकतं.

सर्दीची गोळी आज रात्रीपासून देऊ नका. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या मात्र मनाने बंद करू नका. घरातली झाडून सगळी औषधं, डोळ्यांचे थेंब, मलमं, पोट साफ होण्याची चूर्णं, जे काही असेल ते एका पिशवीत भरा आणि डॉक्टरांच्या टेबलावर मोकळी करा. यादीत जे लिहायचं राहतं ते पिशवीत सापडतं. लघवीसाठी गोळीखेरीजही बरंच करता येतं. दर दोन तासांनी स्वतःहून संडासला नेणं, संडासाचं दार उघडं आणि रात्री आतला दिवा चालू ठेवणं, नाडी-बटणांच्या जागी सरकन खाली येणारे कपडे. अनेकदा लघवी वेळेवर कळलेली असते, पण संडास कुठे आहे ते सापडेपर्यंत उशीर झालेला असतो.

फोनवर ‘आईला जास्त झालंय’ म्हटलं की ‘आजार पुढे सरकतोय’ हेच उत्तर मिळणार. त्याऐवजी असं सांगा : ‘मागच्या आठवड्यापर्यंत आई स्वतःच्या हाताने जेवत होती, मला ओळखून नावाने हाक मारत होती. आठ दिवसांत दोन्ही थांबलं. त्याच्या आठवडाभर आधी एक नवी गोळी सुरू झाली होती. हा डिलिरियम असेल का? तपासाल का?’ आधी काय जमत होतं आणि ते कधी थांबलं, हे दोन तपशील ऐकले की डॉक्टरही वेगळ्या दिशेने विचार करतात. उठवूनही धड जागी होत नसतील, श्वास लागत असेल, तोंड किंवा हात एका बाजूला पडला असेल, दिवसभरात लघवी झालीच नसेल, तर वेळ घ्यायच्या भानगडीत पडू नका, सरळ इस्पितळाच्या तातडीच्या विभागात न्या. आणि तोवर एक पाळा. गुंगीत असताना भरवू नका. घास तोंडात राहतोय याचा अर्थ तो श्वासनलिकेत जाण्याची भीती आहे. नीट जाग आल्यावर, ताठ बसवून, छोटे घास द्या आणि नंतर तोंड पुसून आत काही राहिलंय का ते पाहा.

आता बाकीचं. मला सगळ्यात खटकतं ते हे की डिमेन्शिया हे नाव फाईलवर चढलं की त्या माणसाबद्दलची चौकशीच थांबते. जेवल्या नाहीत, डिमेन्शिया. ओरडल्या, डिमेन्शिया. रडल्या, डिमेन्शिया. डॉक्टर तेच करतात, घरचेही तेच करतात आणि दुखणारी दाढ, मळाने भरलेला कान, टोचणारी चप्पल सगळं त्या एका नावाखाली झाकलं जातं. ज्यांच्या नावाने हा आजार ओळखला जातो त्या अलॉईस अल्झायमर यांनी १९०१ साली फ्रँकफर्टच्या रुग्णालयात ऑगस्टे डेटर या ५१ वर्षांच्या बाईंना तपासलं, तेव्हा आपले प्रश्न आणि त्यांची उत्तरं एकेक करून टिपून ठेवली होती. त्यांच्या मेंदूत काय बिघाड होता ते १९०६ मध्ये मांडलं गेलं, पण सुरुवात समोर बसून ऐकण्यातून झाली. तुम्हीही एक वही करा. आई बिथरल्या की तीनच गोष्टी लिहा : त्याच्या लगेच आधी काय चाललं होतं, किती वाजले होते, आणि कशाने शांत झाल्या. दोन आठवड्यांत त्या वहीतून काहीतरी हाताला लागतंच.

आंघोळीचंच बघा. तुम्हाला ती रोजची साधी गोष्ट वाटते. आईंच्या बाजूने काय घडतं? कोणीतरी येतं, घाईघाईने काहीतरी बोलतं, कपडे ओढायला लागतं. कदाचित त्या क्षणी ती मुलगी आहे हेही लक्षात नाही. खोली गार आहे. पांढऱ्या फरशीवर पांढरी बादली, पाणी किती खोल आहे ते कळत नाही, कारण खोली आणि अंतर जोखणारा मेंदूचा भागही या आजारात कमजोर होतो. मग डोक्यावर एकदम पाणी पडतं. हात उगारला जाणार नाही तर काय होईल? तुम्ही किंवा मी त्या जागी असतो तर तेच केलं असतं.

म्हणून हे करून पाहा. आत जाण्याआधी बाथरूम ऊबदार करून ठेवा, साबण, टॉवेल, कपडे सगळं हाताशी, मध्येच काही आणायला जावं लागू नये. ‘चल आंघोळीला’ म्हणू नका, ‘पाय जरा गरम पाण्यात ठेवूया’ म्हणा. पाठ असलेल्या खुर्चीवर बसवा. खांद्यावरून एक मोठा टॉवेल घालून तो शेवटपर्यंत तसाच राहू द्या आणि खालून, पावलांपासून सुरुवात करा. टॉवेलच्या आतूनच अंग चोळता येतं. त्यांच्या हातात ओला रुमाल द्या, चेहरा त्यांचा त्यांना पुसू द्या, भले नीट नाही पुसला तरी. एका वेळी एकच गोष्ट सांगा आणि मनातल्या मनात दहापर्यंत मोजा, कारण सांगितलेलं पोचायला तेवढा वेळ लागतो. डोकं त्या दिवशी धुवूच नका, तो स्वतंत्र दिवस. इतकंही नको झालं, तर पलंगावर पांघरुणाखाली कोमट ओल्या टॉवेलने पुसून घ्या, अंग तेवढंच स्वच्छ होतं. रोज आंघोळ व्हायलाच हवी हा नियम आपला आहे, त्वचेचा नाही. काख, जांघा, पार्श्वभाग आणि स्तनांखालची जागा रोज कोरडी आणि स्वच्छ राहिली, बाकी एक-दोन दिवसांनी झालं, तरी काही बिघडत नाही. हात लावताना नेमक्या कुठल्या क्षणी ओरडतात तेही पाहा. खांदा वर करतानाच ओरडत असतील, तर तो हट्ट नसून खांदा दुखतोय.

‘मला घरी सोड’ याचं उत्तर ‘हेच तुझं घर आहे’ असं देत असाल, तर ते आजपासून थांबवा. खरं असूनही ते कामाचं नाही. त्यांना आत्ता कुठेतरी परकं, अनावर वाटतंय आणि ते सांगायला शब्द एवढाच उरलाय. वाद घातला की त्यांना कळतं की हिला माझं ऐकायचंच नाहीये. ‘घरी कोण कोण आहे?’ असं विचारा, बोलू द्या, हात धरून चार पावलं चाला, मग दुसऱ्या कशाकडे वळवा. त्याआधी लघवीला लागलीय का, भूक आहे का, थंडी वाजतेय का, हे बघून घ्या. दाराशी उभं राहण्यामागे अनेकदा यातलंच काही असतं. संध्याकाळीच हे का होतं त्याला थकवा हे एक कारण आहे आणि उजेड हे दुसरं. अंधार पडायच्या अर्धा तास आधी घरातले सगळे दिवे लावा, पडदे ओढा. काळ्या काचेत स्वतःचंच प्रतिबिंब दिसलं की ते परकं माणूस वाटू शकतं. कोपऱ्यात दिसणाऱ्या माणसांपैकी एखादं आरशातलं तर नाही ना, तेही पाहा. दिवसा तासभर उघड्यावरच्या उजेडात बसवलंत तर रात्रीच्या झोपेलाही मदत होते. आणि दाराशी जाणारा माणूस एक दिवस दाराबाहेर जातो हे धरूनच चाला. मनगटावर नाव आणि तुमचा फोन नंबर असलेलं कडं, फोनमध्ये त्यांचा ताजा फोटो, आणि शेजारच्या दोन घरांत ‘आई एकट्या दिसल्या तर मला फोन करा’ एवढं सांगून ठेवणं, हे या आठवड्यातच करा. बाहेरून कुलूप लावून त्यांना एकटं सोडून मात्र जाऊ नका.

चोरीचा आरोप तुम्हाला सगळ्यात लागला असणार, पत्रात एकाच वाक्यात उरकलाय तरी. पर्स ठेवल्याची आठवणच नाही, पर्स जागेवर नाही, घरात दुसरं माणूस तुम्ही. त्यांच्या बाजूने हिशोब बरोबर लागतो. ‘मी कशाला घेऊ?’ या वाक्याने काहीही सुटत नाही. ‘अरे बापरे, चल शोधूया’ म्हणा आणि सोबत शोधा. त्यांच्या लपवायच्या जागा ठरलेल्या असतात, त्या वहीत लिहून ठेवा. तसलीच दुसरी पर्स आणून ठेवा, कचऱ्याचा डबा रिकामा करण्याआधी हात घालून बघा. तरीही एक गोष्ट सांगायलाच हवी. डिमेन्शिया असलेल्या माणसांना खरंच लुबाडलं जातं, बाहेरच्यांकडून आणि घरच्यांकडूनही. घरात मदतनीस येत असेल, नातेवाइकांची ये-जा असेल, तर ‘त्या काय, काहीही बोलतात’ म्हणून प्रत्येक तक्रार उडवू नका. बँकेच्या खात्यावर महिन्यातून एकदा नजर टाका. आणि व्यवहाराची कायदेशीर कागदपत्रं, म्हणजे त्यांच्या वतीने सही कोणी करायची, उपचारांबद्दल कोणी बोलायचं, हे अजून केलं नसेल, तर हा डिलिरियम उतरल्यावर, त्या बऱ्या असतील अशा सकाळी वकिलांशी बोलून घ्या. डिमेन्शिया झाला म्हणजे माणसाला कशातलंच कळत नाही असं नसतं. गुंतागुंतीचा व्यवहार समजणार नाही, पण कोणावर विश्वास आहे हे त्या नेमकं सांगू शकतील.

रात्री शांत राहाव्यात म्हणून कोणीतरी लवकरच तुम्हाला मानसविकारांवरची एखादी गोळी सुचवेल. या गोळ्या कधी कधी लागतात. माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल, भासांनी भयभीत होत असेल, तेव्हा. पण डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये त्यांनी मृत्यूचा धोका वाढतो, अशी ठळक सूचना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ सालीच यातल्या नव्या गोळ्यांवर छापायला लावली होती. जुन्या गोळ्यांवरही ती नंतर आली. पक्षाघाताचा धोकाही असतो. लुई बॉडी नावाच्या डिमेन्शियात, ज्यात माणसं-प्राणी स्पष्ट दिसण्याचे भास सुरुवातीपासूनच असतात, या गोळ्या फार वाईट बाधू शकतात. म्हणून विचारा : नेमकी कशासाठी, किती कमी डोस, आणि बंद करता येईल का हे कधी बघायचं? तिसऱ्या प्रश्नाला तारीख मिळायला हवी. सहा आठवड्यांनी फेरविचार व्हायला हवा. वर्षानुवर्षं चाललेल्या अशा गोळ्या मी खूप घरांत पाहते, कारण सुरू करणारा असतो, थांबवणारा कोणी नसतो.

कान, डोळे आणि दात एकदा तपासून घ्या. हे लिहायला अर्धी ओळ लागते, पण ऐकू न येणं आणि न समजणं घरच्यांनाही वेगळं ओळखता येत नाही.

दादांनी पाठवलेली बातमी खोटी नाही. लेकानेमॅब आणि डोनानेमॅब ही दोन औषधं अमेरिकेत २०२३ आणि २०२४ मध्ये मंजूर झाली. पण ती आजाराच्या अगदी सुरुवातीच्या माणसांसाठी आहेत, मेंदूत अमायलॉइड नावाचं प्रथिन साचल्याचं तपासणीतून सिद्ध झाल्यावर द्यायची, आणि मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होत नाही ना हे वारंवार एमआरआय काढून पाहायचं. लेकानेमॅबच्या चाचणीत दीड वर्षाने स्मरण आणि रोजचं वागणं मोजणाऱ्या १८ गुणांच्या मोजपट्टीवर औषध घेणारे आणि न घेणारे यांच्यात साधारण अर्ध्या गुणाचा फरक पडला. तोही आजार थांबण्याचा नव्हे, जरा हळू सरकण्याचा. घरात वावरताना तो जाणवतो का यावर तज्ज्ञांमध्येच एकमत नाही. तुमच्या आईंच्या आत्ताच्या अवस्थेला ही औषधं लागू नाहीत. दादांना हे सांगा, आणि बातमी शोधायचा वेळ त्यांच्याकडे आहे हेही यातून कळलं असं समजा.

फोनवर छान बोलतात, हेही खरं असणार. पाच-दहा मिनिटं, ओळखीचा आवाज, ठरलेले प्रश्न. तेवढ्यापुरतं बळ एकवटून बोलणं पुष्कळ जणांना जमतं, डॉक्टरांसमोरही जमतं आणि नंतर त्या दमून चिडचिड्या होतात ते तुम्ही बघता. दादा तुमच्यावर अन्याय करतायत, पण त्यांना जे दिसतं त्यावरूनच ते बोलतायत. त्यांना समजावण्यात शक्ती घालवू नका. चार दिवस राहायला बोलवा आणि तुम्ही त्या घरात थांबू नका. येणं शक्यच नसेल तर लांबून करता येणारी कामं त्यांच्या नावावर लिहून द्या : डॉक्टरांच्या वेळा घेणं, बिलं आणि विम्याचे कागद, रात्रीच्या मदतनीसाचा खर्च, संस्थांची चौकशी. ‘मदत कर’ म्हटलं की माणूस ‘सांग ना काय करू’ म्हणून मोकळा होतो. कामाचं नाव आणि तारीख दिली की पळवाट कमी होते. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब आहे की डिमेन्शियाच्या माणसामागे घरची माणसं रोज सरासरी पाच तास देतात आणि त्यातले ७० टक्के तास बायकांचे असतात. नोकरी तुम्ही सोडलीत, त्यांनी नाही, हे त्या आकड्यांत बसणारंच आहे. ते बदलता येत नसेल तरी निदान पैशांच्या हिशोबात बोलून दाखवा. माझ्या मते त्यात काही गैर नाही.

तुमची झोप किती होते, तुमचा रक्तदाब शेवटचा कधी पाहिला, यातलं पत्रात काहीच नाही. तुमचं डोकं दुखणं, चिडणं, रडू येणं हेही ‘आईच्या आजारामुळे’ म्हणून बाजूला पडत असेल, तर तेही त्याच चुकीच्या खात्यात जातंय. तुमच्या नावाने वेगळी वेळ घेऊन डॉक्टरांना भेटा. काळजी घेणाऱ्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचा आयसपोर्ट नावाचा मोफत प्रशिक्षणक्रम आहे, त्यात बिथरणं, भरवणं, स्वतःला सांभाळणं यावर सरावासकट धडे आहेत. कुटुंबांचा एखादा आधारगट मिळाला तर त्याहून बरं, कारण आईवर हात उगारला गेला हे वाक्य तिथे न दचकता ऐकलं जातं. तुमच्याकडून तसं झालं असेल, किंवा होईल असं वाटत असेल, तर तो थांबून मदत मागायचा क्षण आहे. आई सुरक्षित आहेत एवढं पाहून दुसऱ्या खोलीत जा आणि कोणालातरी फोन करा.

राहिला शब्दाचा प्रश्न. तुम्ही तो दिलात तेव्हा दोघींच्याही डोळ्यांसमोर टाकून दिलेल्या म्हाताऱ्या माणसाचं चित्र असणार. आईंना हवं होतं ते ‘मला सोडू नकोस’. रात्रभर जागून उभी राहू न शकणारी मुलगी हवी असं त्यांनी मागितलेलं नाही. म्हणून ‘घर की संस्था’ असा एकाच फटक्यात निकाल लावू नका, तोही आत्ता, डिलिरियममध्ये, मुळीच नको. बऱ्या झाल्यावर कदाचित त्या पुन्हा पूर्वीइतक्या सांभाळण्याजोग्या होतील. उतरायला काही आठवडेही लागू शकतात आणि काही वेळा सगळं परत येत नाही, हे मनात धरून ठेवा. मधले रस्ते बघा : आठवड्यातले दोन-तीन दिवस डे-केअर, दोन रात्री मदतनीस, किंवा वर्षातून दोन वेळा पंधरा दिवसांचा संस्थेतला मुक्काम, तुम्ही विश्रांती घ्यावी म्हणून. या मुक्कामातून कळतं की त्यांना तिथलं झेपतं का आणि तुम्हालाही त्यांच्यापासून दूर झोप लागते का.

संस्था बघायला जाल तेव्हा फुलझाडांकडे आणि टीव्हीकडे बघू नका. जेवणाच्या वेळी जा. भरवणारी बाई बसून भरवते की उभ्याने, डोळ्यांत बघते की दाराकडे, एवढं पाहिलं तरी बरंच कळतं. रात्री किती जणांमागे किती माणसं असतात ते विचारा. किती जणांना झोपेच्या किंवा शांत करणाऱ्या गोळ्या सुरू आहेत, खुर्चीला बांधतात का, अचानक ताप आला तर कोण बघतं, घरच्यांना कधीही येऊ देतात का, हेही विचारा. उत्तर देताना चिडले तर तेही उत्तरच. आणि आईंबद्दल त्यांनी तुम्हाला काय विचारलं ते लक्षात ठेवा. पैसे आणि आजार एवढंच विचारून थांबले असतील तर दुसरी जागा बघा.

त्यासाठी एक कागद आत्ताच करून ठेवा, अक्षर मोठं, एकच पान. कशी हाक मारलेली आवडते. कुठल्या कानाने जास्त ऐकू येतं. आयुष्यभर काय काम केलं. कुठल्या कुशीवर झोपतात. दुखत असेल तेव्हा सांगत नाहीत, पण काय करतात. घाबरल्यावर कशाने शांत होतात. काय मुळीच करू नये. सगळी औषधं, आणि कुठल्या औषधाने त्रास झाला होता. दादांनाही दोन ओळी भरायला सांगा, त्यांना आईच्या तरुणपणातलं तुम्हाला न आठवणारं काहीतरी आठवेल. त्याच्या तीन प्रती काढा. एक घरात फ्रिजवर, एक मदतनिसासाठी, आणि एक दवाखान्याच्या फाईलमध्ये सगळ्यात वर, कारण त्याची गरज पहिल्यांदा तिथेच पडणार आहे.